मूठभर पीठ
(पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन)



दामाजीपंतांची कथा जामबागेत जमलेल्या मराठी श्रोत्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मंगळवेढ्याच्या या सत्पुरुषाने दुष्काळात बेदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी खुले केले आणि पुढे प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन त्या धान्याची किंमत भरली, असे संतचरित्रे सांगतात. बेदर येथून फार दूर नाही, त्यामुळे ही कथा हैदराबादेत जरा अधिकच आपुलकीने ऐकली जाते. दामाजीपंतांपुढे कोठार भरलेले होते. प्रश्न होता तो मालकाला जाब काय द्यायचा, हा. परंतु कोठार रिकामे आहे, मालकही नाही आणि दारात भुकेलेली माणसे उभी आहेत, अशा वेळी देणाऱ्याने काय करावे?

बायबलच्या जुन्या करारात या प्रश्नाला एक कथा सापडते. अवर्षणाच्या काळात एलिया नावाचा संदेष्टा सारफथ गावाच्या वेशीपाशी येतो. तेथे एक विधवा काटक्या वेचीत असते. घरात मूठभर पीठ आणि थोडेसे तेल उरलेले. त्याची शेवटची भाकर भाजून मुलासह खावी आणि मग मरणाची वाट पाहावी, एवढाच तिचा बेत. एलिया म्हणतो, त्यातून आधी मला दे. ती देते, आणि पुढे पाऊस पडेपर्यंत तिच्या मडक्यातले पीठ सरत नाही. द्रौपदीच्या थाळीची आठवण होणे येथे स्वाभाविक आहे. मात्र ती थाळी सूर्याने आधी दिलेली होती. सारफथच्या विधवेला आधी काहीच मिळालेले नाही. तिला प्रथम आपल्या मुलाच्या तोंडचा घास काढून द्यावा लागला. ख्रिस्ती दातृत्वाचा विचार या कथेपासून सुरू केला, तर तो श्रीमंतांच्या देणग्यांपाशी थांबत नाही. येथे देणारी स्वतःच उपाशी आहे.

महाराष्ट्राच्या इतिहासात ही कथा एका विधवेने अक्षरशः जगून दाखवली. पंडिता रमाबाईंचे नाव स्त्रीशिक्षणाच्या संदर्भात नेहमी घेतले जाते. त्यांची विद्वत्ता, कलकत्त्यात १८७८ मध्ये झालेला गौरव, १८८२ मधील आर्य महिला समाज, इंग्लंड-अमेरिकेचा प्रवास आणि १८८९ मध्ये मुंबईत उघडलेले शारदा सदन हे सारे सुपरिचित आहे. त्यांच्या देण्यामागे जी भूक होती तिची चर्चा मात्र क्वचितच होते.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न पंडित. पत्नीला संस्कृत शिकवण्याचे धाडस त्यांनी केले, लोकनिंदा सोसली. पुढे हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. जवळ होते नव्हते ते दानधर्म, व्रते आणि यात्रा यांत खर्च झाले. देवाची सेवा केली की देव सांभाळील, ही त्यांची निष्ठा प्रामाणिक होती. मद्रास इलाख्यात दुष्काळ आला तेव्हा हातात काही उरले नव्हते. भीक मागणे अभिमानाला रुचणारे नव्हते आणि अंगमेहनतीचे काम तर कोणालाच येत नव्हते. तिरुपतीजवळच्या रानात या कुटुंबाने मरणाची तयारी केली. अखेर रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास याने जातीचा अभिमान बाजूला ठेवून मजुरी करण्याचा निश्चय बोलून दाखवला. पण तोवर उशीर झाला होता. १८७४ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिन्ही माणसे गेली. रमाबाईंचे वय तेव्हा सोळा वर्षांचे.

ज्या मुलीने देवावरचा भरवसा उपाशी मरताना पाहिला, तीच मुलगी पुढे दोन हजार स्त्रिया आणि मुले देवाच्या भरवशावर सांभाळायला कशी निघाली? हा प्रश्न भाविकांना अवघड वाटतो आणि अभाविकांना विसंगत वाटतो. रमाबाईंचे चरित्र समजून घेण्याची वाट मात्र याच प्रश्नातून जाते.

१८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंना आपले बालपण आठवले, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. त्या वेळची त्यांची आर्थिक स्थिती लक्षात घेण्याजोगी आहे. शारदा सदनाला अमेरिकेतील मंडळीने दहा वर्षांपुरते साहाय्य देण्याचे मान्य केले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. शिवाय ते साहाय्य उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी होते, वाटेवर सापडलेल्या दुष्काळग्रस्त मुलींसाठी नव्हे. म्हणजे या नव्या मुलींच्या नावे कोठेही एक पैसा जमा नव्हता. तरीही रमाबाई गेल्या. मुलींना पळवून विकणारे दलालही त्या काळात दुष्काळी भागांत फिरत होते, आणि पैसे जमेपर्यंत थांबणे म्हणजे मुली त्यांच्या हाती सोपवणे होते. सुमारे तीनशे स्त्रिया व मुली त्यांनी आणल्या. इकडे पुण्यात प्लेगने थैमान मांडले होते, तेथे एवढ्या जणींना ठेवणे अशक्य झाले. केडगावला, पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, रमाबाईंनी आधी घेतलेली जमीन होती. तेथे तात्पुरत्या निवाऱ्यांत आणि झाडांखाली बिऱ्हाड पडले. मुक्तिसदनाचा आरंभ हा असा आहे.

याच काळात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. जन्माने प्रशियन असलेल्या या धर्मोपदेशकाने १८३६ मध्ये अनाथगृह उघडले आणि कोणापुढे हात पसरायचा नाही, कर्ज काढायचे नाही, मागायचे ते देवाजवळ, हा नेम १८९८ मध्ये मरण येईपर्यंत पाळला. अ‍ॅशली डाउन येथील त्याच्या पाच इमारतींत दोन हजारांवर मुलांची सोय होती. रमाबाईंनी त्याचे चरित्र वाचले होते आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. म्यूलरविषयी बोलताना एक गोष्ट सहसा निसटते. हा भाविक मनुष्य जमाखर्च दरसाल छापून प्रसिद्ध करीत असे. ईश्वरावरचा भरवसा आणि कीर्दखतावणी यांत त्याला विरोध दिसला नाही. देवाच्या नावे आलेल्या पैशाचा हिशेब माणसांपुढे ठेवणे हा त्याच्या श्रद्धेचाच भाग होता. आजच्या धर्मादाय संस्थांनी, कोणत्याही धर्माच्या, एवढे जरी उचलले तरी पुष्कळ होईल.

रमाबाईंनी म्यूलरचे अनुकरण तंतोतंत केले असे मात्र नाही. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या, झालेल्या कामाचा वृत्तांत दिला आणि तेथील मंडळ नव्याने उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही मुली आल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. माणशी दिवसाला अर्धा शेर धान्य धरले तरी रोज पंचवीस मण लागणार. प्रार्थना पहाटेपासून चाले हे खरे. पण विहिरी खणल्या जात होत्या, शेती पिकत होती, हातमाग आणि तेलाचे घाणे चालत होते, मुली छापखान्यात खिळे जुळवीत होत्या, अंध स्त्रियांनाही काम शिकवले जात होते. वडिलांच्या घरी श्रद्धा होती आणि हातांना काम नव्हते. मुक्तीत त्याच श्रद्धेला हात फुटले. तिरुपतीच्या रानात श्रीनिवासाने फार उशिरा केलेला निश्चय केडगावात पहिल्या दिवसापासून अमलात आला. कुलीन घरची मुलगी दळते आहे, विणते आहे, नांगरामागे चालते आहे, हे दृश्य त्या काळी धर्मांतरापेक्षा कमी धक्कादायक नव्हते.

धर्मांतराचा विषय टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत असल्यावरून पुण्यात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले, ‘केसरी’ने कठोर टीका केली. पुढे मुक्तीत आलेल्या अनेकींनी बाप्तिस्मा घेतला. भाकरीसोबत धर्म दिला तर ते दान निर्मळ राहते काय, ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर केवळ रमाबाईंच्या सद्हेतूने मिळत नाही. उपाशी मुलीला नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य कितपत असते? परंतु त्याच तराजूत दुसरेही माप टाकले पाहिजे. या मुलींना आपल्या घरात घेण्यास टीकाकारांपैकी किती जण पुढे आले? धोंडो केशव कर्वे यांचे नाव येथे आदराने घ्यावे लागते. त्यांनी १८९३ मध्ये शारदा सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी विवाह केला आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंना खरे उत्तर दिले ते कर्व्यांनी, आणि तेही काम करून. सरकारचीही भीड रमाबाईंनी धरली नाही. प्लेगच्या व्यवस्थेतील गैरप्रकारांवर त्यांनी १८९७ मध्ये वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले.

या सर्व गोष्टींची दुसरी बाजू लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, १९१७ मध्ये मिशनचे काम आणि त्याबरोबरचे ठरावीक वेतनही त्यांनी सोडले. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. उद्याची चिंता ईश्वरावर सोपवणाऱ्या पुरुषाच्या घरी आजच्या चुलीची चिंता बायकोवर येते, हे लक्ष्मीबाईंनी इतक्या हसतखेळत लिहिले आहे की वाचकाला त्यातला दंश उशिरा जाणवतो. दातृत्वाचा गौरव करताना घरातल्या या दुसऱ्या माणसाचाही वाटा मोजला पाहिजे. रमाबाईंच्या बाबतीत ही दोन्ही माणसे एकच होती. विश्वास ठेवणारीही त्याच आणि शेरभर डाळ कमी पडली तर ते पाहणारीही त्याच.

निजामी राजवटीशी या कार्याचा संबंध आला तो गुलबर्ग्यात. १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी तेथे ख्रिस्ती शाळा काढली आणि एकुलती एक कन्या मनोरमा हिच्याकडे ती सोपवली. मुंबई विद्यापीठाची पदवीधर असलेली ही मुलगीच मुक्तीचा भार उचलील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. रमाबाई त्या वेळी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची मुद्रिते तपासत होत्या. खिळे जुळवणाऱ्या मुली मुक्तीतल्याच, दुष्काळातून आलेल्या. कन्येच्या मृत्यूनंतरही ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा मुक्तीच्या भोजनगृहात नेहमीप्रमाणे पंगती बसत होत्या.