थांब्यावरचा तास



१९४८ साली पुणे-नगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. आज अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातल्या मुलींना शाळेचा पास मोफत मिळतो. पण पासाने भाडे वाचते, वेळ वाचत नाही. शाळा पाचला सुटली आणि गाडी साडेसहाला असली, की हिवाळ्यात थांब्यावरच अंधार पडतो. मग घरचे म्हणतात, “पुरे झाले शिक्षण!”

माझे सांगणे एवढेच. जूनपूर्वी मुख्याध्यापकांना घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटू. शाळेच्या घंटेशी गाडीची वेळ जुळवून मागू. तोवर थांब्यावर दिवा लावू, आणि आळीपाळीने आपल्यातली एकजण तिथे बसेल. मुलींना एकटे उभे राहू न देणे तरी आपल्या हाती आहे.