उसना दिलेला माणूस



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलून जातात. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढे जे शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता आणि त्यांना आलेली सरकारी उत्तरे पुन्हा पुन्हा वाचून. त्या कागदांवर एक शब्द वारंवार भेटतो : प्रतिनियुक्ती. आज त्याच शब्दाविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

शब्द जड असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. एका बैलाचा शेतकरी शेजाऱ्याशी सावड करतो. बैल डवरणीला दुसऱ्याच्या वावरात जातो. पण दिवस किती, त्या दिवसांचे कुटार-ढेप कोणाचे आणि तो परत आपल्या दावणीला केव्हा येणार, हे आधी ठरते. प्रतिनियुक्ती ही सरकारची सावड आहे. एका खात्याचा नोकर मुदतीपुरता दुसऱ्या खात्याला, महामंडळाला किंवा आयोगाला द्यायचा. राज्याच्या तिजोरीबाहेरून पगार मिळणाऱ्या अशा नोकरीला आपल्या १९८१ च्या नियमांत ‘स्वीयेतर सेवा’ म्हणतात. त्या काळातली निवृत्तिवेतनाची आणि रजावेतनाची वर्गणी माणूस नेणाऱ्याने भरायची असते. कुटार-ढेपेचे कलम तेथेही आहेच.

फरक एवढाच की बैलाला कोणी विचारीत नाही. माणसाला विचारावे लागते. उमापती चौधरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितले की, प्रतिनियुक्तीला देणारा, घेणारा आणि जाणारा अशा तिघांची संमती लागते. पुढल्याच वर्षी कुणाल नंदा यांच्या खटल्यात दुसरी बाजूही स्पष्ट झाली : गेलेल्या माणसाला केव्हाही मूळ जागी परत पाठवता येते, नव्या ठिकाणी कायम राहण्याचा हक्क त्याला सांगता येत नाही.

ही व्यवस्था वाईट आहे असे मी म्हणत नाही. १९८४ साली उभ्या राहिलेल्या एनएसजीचे जवान लष्करातून आणि केंद्रीय पोलीस दलांतून ठरावीक काळासाठीच येतात. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात धारातीर्थी पडलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन मूळचे बिहार रेजिमेंटचे. ते त्या दलात मुदतीपुरते आले होते, पण त्यांनी प्राण दिले ते काही मुदतीपुरते नव्हेत!

निवडणुकीत आपले गुरुजी केंद्राध्यक्ष होऊन जातात, तेव्हा कायदा त्यांना निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे ‘मानतो’. तेथे त्यांना कोणी विचारीत नाही, हे खरे. पण निकाल लागला की ते मानणे संपते आणि गुरुजी पुन्हा आपल्या वर्गात येतात. मुदत ठाम आहे, म्हणून ते सोसते.

आता हाच ‘मानण्याचा’ शब्द आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत कसा वापरला गेला ते पाहा. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडले आणि ४१ कारखाने ७ नव्या कंपन्यांत वाटले. अंबाझरीचा कारखाना एका कंपनीकडे गेला, भंडारा आणि चंद्रपूरचे दुसरीकडे. सत्तर हजारांहून अधिक कामगार-कर्मचाऱ्यांना मानीव प्रतिनियुक्तीवर धरले गेले, आणि त्याचा भत्ताही नाही. पगार आणि सेवाशर्ती केंद्रीय कर्मचाऱ्यांच्याच राहतील, असे सरकारने सांगितले, हेही मी नमूद करतो. पण माणूस त्याच यंत्रावर, त्याच पाळीत; धनी मात्र रातोरात बदललेला. त्याला विचारले कोणी? संपाची भाषा निघताच ३० जून २०२१ ला वटहुकूम निघून संरक्षण उत्पादनातल्या संपाला बंदी आली होती. मुदत आधी दोन वर्षांची होती, मग ती वाढली, पुन्हा वाढली. आणि परतायचे म्हटले तर ज्या मंडळाकडे परतायचे तेच उरले नव्हते. ज्या बैलाची दावणच उपटली, त्याला उसना दिला कसे म्हणायचे?

एवढे बोलून मी उतरलो असतो, तर टाळ्या घेऊन गेलो असतो. पण एक गोष्ट माझ्या अंगावरची आहे, ती सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या दवाखान्यातला औषध देणारा माणूस शहरातल्या कचेरीत प्रतिनियुक्तीवर होता. त्याची मुदत वाढावी म्हणून मी तीन वेळा खटपट केली आणि तीनही वेळा यश आले. त्याने मला हारही घातला. पुढे माझ्या म्हाताऱ्या मावशीला घेऊन मी नेमका त्याच दवाखान्यात गेलो. औषधाची खिडकी बंद. भिंतीवरच्या फळ्यावर त्याचे नाव होते, म्हणजे कागदोपत्री जागा भरलेली. त्यामुळे दुसरा माणूसही येईना. मावशीने विचारले, “बापू, हा मानूस गेला कुठं?” मला उत्तर ठाऊक होते, पण तोंडातून शब्द निघेना. तिघांची संमती घेतली होती. ज्यांचा तो माणूस होता त्या गावाला मात्र आम्ही कोणीच विचारले नव्हते.

म्हणून माझे मागणे दुहेरी आहे. कामगारांना सांगतो : प्रतिनियुक्तीचा हुकूम हाती आला की त्यात मुदत, पगार देणारा, वर्गणी भरणारा आणि परतीची जागा या चार गोष्टी लेखी आहेत का ते आधी पाहा, मग सही करा. आणि गावकऱ्यांना सांगतो : आपल्या शाळेत, दवाखान्यात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि भरलेल्यांपैकी बाहेर कोण, केव्हापर्यंत, हे ग्रामसभेत विचारा. तेथे उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहे. त्या यादीत आमच्या युनियनचा माणूस निघाला, तरी संकोच करू नका.

पाडव्याला सालदाराचे साल ठरवताना आपण मुदतही बोलतो आणि मोबदलाही बोलतो. सरकारकडे आपण याहून जास्त काही मागत नाही.