पाण्याच्या दाबावर चालणारे इंजिन
(वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



अशा समारंभात शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलण्याची प्रथा आहे. त्या विषयावर माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी येथे बसलेली आहेत. म्हणून मी आज एका यंत्राविषयी बोलणार आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकवणारा शिक्षक. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु कर्जत-खालापूरच्या मुलांना भूगोल शिकवावयाचा म्हटला की खोपोली आणि भिवपुरी ही नावे घ्यावीच लागतात, आणि ही नावे घेतली की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो: "सर, पाण्यावर इंजिन चालते का?" हल्ली हा प्रश्न पालकही विचारतात. कोणी मोबाइलवर पाण्यावर धावणारी मोटारसायकल पाहिलेली असते, कोणाला गाडीला पाण्याचे किट बसवून देणारा भेटलेला असतो. पैसे गुंतवावेत की नाही, असा त्यांचा सवाल असतो.

या प्रश्नाचे उत्तर 'होय' आणि 'नाही' असे दोन्ही आहे. पाण्याच्या दाबावर इंजिन चालते. दोनशे वर्षांपूर्वी चालत होते आणि आजही चालवता येते. पाणी जाळून मात्र इंजिन चालत नाही. या दोहोंतील फरक ज्याला कळला त्याला कोणी फसवू शकत नाही. तो फरक समजून घेण्यासाठी आपण प्रथम खरे इंजिन पाहू.

आपल्या वाडीतला हातपंप सर्वांना ठाऊक आहे. माणूस दांडा हलवतो, दट्ट्या वरखाली होतो आणि पाणी वर चढते. आता हीच क्रिया उलटी करा. डोंगरावर पाण्याचा साठा आहे, तेथून खाली लोखंडी नळ आणला आहे आणि नळाच्या शेवटी एक सिलिंडर बसवला आहे. वरचे पाणी सिलिंडरात शिरते आणि दट्ट्याला म्हणजे पिस्टनला ढकलते. पिस्टनचा दांडा क्रँकला जोडलेला असतो, क्रँक चाक फिरवतो. पिस्टन एका टोकाला पोहोचला की सरकती झडप जागा बदलते. मग नळाचे पाणी पिस्टनच्या दुसऱ्या बाजूला शिरते आणि पहिल्या बाजूचे काम संपलेले पाणी बाहेर पडते. अशा रीतीने पिस्टन पुढेमागे होत राहतो आणि चाक फिरत राहते. झडप सरकवण्याचे कामही चाकाच्याच आसाकडून करून घेतात. कोळसा नाही, धूर नाही, ठिणगी नाही.

आता थोडे गणित करू. पाण्याची उंची दर १० मीटरला चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलो दाब देते. समजा, आपला साठा ३० मीटर उंचीवर आहे. म्हणजे दाब ३ किलो झाला. सिलिंडरचा व्यास १० सेंटिमीटर धरला तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर भरते, आणि पिस्टनवर सुमारे २३५ किलोचा जोर येतो. पिस्टनची धाव २० सेंटिमीटर, जाऊन-येऊन ४० सेंटिमीटर, आणि मिनिटाला ३० फेरे. हिशेब केला तर हे काम सेकंदाला सुमारे ४७ किलोग्रॅम-मीटर होते. ७५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे एक अश्वशक्ती. घर्षण वजा जाता आपल्या हाती सुमारे अर्धी अश्वशक्ती लागेल. घरच्या टाकीत पाणी चढवणारी लहान विजेची मोटर एवढ्याच ताकदीची असते.

परंतु या अर्ध्या अश्वशक्तीसाठी पाणी किती लागले? दर फेऱ्याला ३ लिटरहून थोडे अधिक, मिनिटाला ९४ लिटर, म्हणजे तासाला साडेपाच हजार लिटरहून जास्त. हजार लिटरच्या साडेपाच टाक्या तासाभरात रिकाम्या होतील! आता दुसऱ्या वाटेने हिशेब करा. मिनिटाला ९४ लिटर पाणी ३० मीटर खाली आले, तर सेकंदाला काम किती? पुन्हा तेच उत्तर येते, ४७. विद्यार्थी मित्रहो, ही गोष्ट वहीत लिहून ठेवा. सिलिंडर मोठा करा, लहान करा, झडप कशीही बसवा. पाण्याचे वजन गुणिले उंची यापेक्षा एक कणही अधिक काम कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. यंत्र शक्ती निर्माण करीत नाही, असलेली शक्ती हवी तेथे पोहोचवते.

या इंजिनात एक मोठी अडचण असते, आणि कारागिराचे कसब तेथेच लागते. वाफ दबते, पसरते. पाणी दबत नाही. वाफेच्या इंजिनात झडप लवकर बंद केली तरी कोंडलेली वाफ पसरून पिस्टनला पुढे नेते. पाण्याच्या इंजिनात बाहेर जाण्याची वाट क्षणभर आधी बंद झाली तर कोंडलेले पाणी दगडासारखे होते आणि सिलिंडरचे झाकण फोडू शकते. म्हणून झडपा नेमक्या वेळी उघडाव्या-मिटाव्या लागतात आणि पाण्याच्या वाटा रुंद ठेवाव्या लागतात. तसेच, नळातले वाहते पाणी एकाएकी अडवले की ते धडक मारते. घरातला नळ झटकन बंद केल्यावर पाइपातून येणारा 'धाड' असा आवाज हीच ती धडक. तिला आवरण्यासाठी सिलिंडरजवळ हवेची कोठी बसवतात. कोठीतील हवा दबते आणि धक्का सोसते. या सर्व कारणांमुळे हे इंजिन सावकाश चालते. जोर मोठा, गती कमी, असा त्याचा स्वभाव आहे.

हे यंत्र कोठून आले? पाणी आणि दट्ट्या यांची जोडी जुळवणाऱ्यांत एक नाव आपल्या मुलांना माहीत असावयास हवे. दियारबकर येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, अर्तुकी सुलतानांच्या पदरी अल्-जझरी नावाचे कारागीर होते. १२०६ साली त्यांनी यंत्रांवरील आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात समोरासमोर बसवलेल्या दोन तांब्याच्या सिलिंडरांचा पंप आहे. ओढ्याच्या प्रवाहाने चाक फिरते, दांडा डावी-उजवीकडे झुलतो; एक दट्ट्या पाणी ओढतो तेव्हा दुसरा वर ढकलतो. पुढे सोळाव्या शतकात तकी अल्-दीन यांनी सहा सिलिंडरांच्या पंपाचे वर्णन केले. हे मी केवळ अभिमानासाठी सांगत नाही. पूर्वजांच्या नावावर जगता येत नाही. अल्-जझरी हे हाताने काम करणारे गृहस्थ होते. धातू ओतणे, सांधे जुळवणे, मापे घेणे त्यांना येत होते आणि ते सर्व त्यांनी लिहूनही ठेवले. हात आणि लेखणी एकाच माणसाकडे असणे, हा त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा आहे.

पाण्याच्या दाबाने पिस्टन ढकलणारे खरे मोठे इंजिन युरोपात झाले. बव्हेरियात मिठाचे पाणी डोंगरापलीकडे न्यावयाचे होते. रायखेनबाख या अभियंत्याने १८१७ साली तेथे असे यंत्र बसवले. डोंगरावरून येणाऱ्या गोड्या पाण्याच्या दाबाने ते खारे पाणी ३५० मीटरपेक्षा अधिक उंच चढवी, आणि शंभराहून अधिक वर्षे ते चालले. इंग्लंडात आर्मस्ट्राँग यांनी गोदीतील याऱ्या पाण्याच्या दाबावर चालवल्या. लंडनचा १८९४ सालचा टॉवर ब्रिज उचलणारी इंजिनेही दाबाखालच्या पाण्यावरच चालत, आणि १९७० च्या दशकापर्यंत तीच व्यवस्था होती. मात्र तेथे पाण्याला दाब देण्याचे काम वाफेचे पंप करीत.

आता आपल्या तालुक्यात येऊ. लोणावळा, वळवण, शिरवटा येथील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली उतरते आणि खोपोलीच्या वीजगृहात येते. डोंगरावरचे ते जाड नळ तुम्ही सर्वांनी पाहिलेले आहेत. ११ फेब्रुवारी १९१५ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते हे वीजगृह सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना खालापूर तालुक्यातून वीज जाऊ लागली. जमशेटजी टाटांनी या योजनेचे स्वप्न पाहिले; परंतु १९०४ सालीच ते निवर्तले. १९२२ साली कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले.

खोपोलीच्या पाण्याची उंची सुमारे ५२५ मीटर आहे. म्हणजे नळाच्या तळाशी चौरस सेंटिमीटरवर सुमारे ५२ किलो दाब! मग तेथे पिस्टनचे इंजिन का बसवले नाही? आतापर्यंत सांगितलेले लक्षात असेल तर उत्तर तुम्हीच द्याल. अर्धा किलोमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ दर धावेला थांबवावयाचा आणि पुन्हा सोडावयाचा म्हणजे दर वेळी ती धडक. शिवाय वीज निर्माण करणाऱ्या जनित्राला गती हवी, आणि पिस्टन तर संथ. म्हणून तेथे पेल्टन चाके बसवली. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत काम केलेल्या लेस्टर पेल्टन यांनी १८८० साली या चाकाचे पेटंट घेतले. यात पाणी बारीक तोंडातून झोतासारखे सुटते आणि चाकाच्या कडेला बसवलेल्या दुहेरी वाट्यांवर आदळते. खोपोलीच्या उंचीला या झोताचा वेग हिशेबाने सेकंदाला सुमारे १०० मीटर, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक येतो. येथे पाणी कोठेही थांबत नाही, म्हणून धडक नाही. पिस्टन दाबावर चालतो, पेल्टन चाक वेगावर; गणित मात्र तेच, वजन गुणिले उंची. हजार लिटर पाणी खोपोलीला उतरले की सुमारे सव्वा युनिट वीज मिळते.

या विजेची किंमतही कोणी तरी मोजलेली आहे. मुळशीच्या धरणाने, ज्याचे पाणी भिऱ्याला उतरते, मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी तेथे सत्याग्रह केला. दिव्याचे बटण दाबताना हेही मुलांना सांगावयास हवे. दुसरीकडे, वीजगृहातून बाहेर पडलेले पाणी वाया जात नाही. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे उल्हास नदीला. कर्जतचा राजनाला कालवा याच पाण्यावर उन्हाळी भात पिकवतो. काम करूनही पाणी पाणीच राहिले. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

पिस्टन मात्र नाहीसा झालेला नाही. रस्त्यावरचा जेसीबी पाहा. त्याचा हात उचलणारे चकचकीत दांडे म्हणजे दाबाखालच्या द्रवाने ढकललेले पिस्टनच होत. तेथे पाण्याऐवजी तेल असते, आणि त्या तेलाला दाब डिझेल इंजिन देते. तेल तेथे इंधन नव्हे, निरोप्या आहे. डोंगरावरील ओढ्यासाठी आणखी एक यंत्र आहे, हायड्रॉलिक रॅम. फ्रान्समधील माँगोल्फिए यांनी १७९६ साली ते केले. इंजिनाला नको असलेली ती पाण्याची धडकच येथे कामाला लावली आहे. २ मीटर पडणाऱ्या ओढ्यातील १०० लिटरपैकी ८-९ लिटर पाणी ते १४ मीटर उंच चढवते, बाकीचे ओढ्यात परत जाते. ना वीज, ना डिझेल. ज्या वाड्यांखालून दिवाळीनंतरही ओढा वाहतो, तेथे हे यंत्र उपयोगाचे आहे. ओढा आटला की यंत्रही थांबणार. तेव्हा उन्हाळ्याच्या टंचाईवर हा उपाय नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता 'नाही' या उत्तराकडे वळू. लाकूड जळाले की राख उरते. हायड्रोजन जळाला की पाणी उरते. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राखच होय. राख पुन्हा पेटत नाही. पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढता येतो, परंतु तो जळून जेवढी शक्ती देईल त्यापेक्षा अधिक शक्ती तो काढताना खर्च होते. आजच्या यंत्रांना एक किलो हायड्रोजनसाठी ५० युनिटांच्या आसपास वीज लागते. गाडीच्या बॅटरीवर पाणी फोडून त्यावर तीच गाडी चालवण्याची गोष्ट म्हणजे आपल्याच खिशातला रुपया दुसऱ्या खिशात घालून श्रीमंत होण्यासारखे आहे. १९९६ साली तमिळनाडूत एका इसमाने पाणी आणि वनस्पती यांपासून पेट्रोल काढून दाखवले म्हणून देशभर गाजावाजा झाला. लोकांनी पैसे दिले. २० वर्षांनी, २०१६ साली, चेन्नईच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीबद्दल दोषी ठरवले. पैसे देणाऱ्यांपैकी कोणी एक साधा प्रश्न विचारला असता तर? तो प्रश्न असा: "शक्ती येते कोठून?" खोपोलीत ती उंचीवरून येते; आणि पाणी त्या उंचीवर सूर्याने आणि पावसाने नेऊन ठेवलेले असते. जेथे या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तेथे खिशाला हात घालू नये.

पालकहो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द. ऑगस्ट २०२३ मध्ये भिवपुरी येथे १००० मेगावॅटच्या, पाणी खालून वर चढवून पुन्हा उतरवणाऱ्या प्रकल्पासाठी टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात करार झाला. असे प्रकल्प उभे राहतील तेव्हा फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, अभियंते लागतील. त्या दारात आपली मुले कशासाठी उभी राहणार, हा प्रश्न आज आठवी-नववीत ठरतो. मुलगा गणितात कच्चा आहे म्हणून त्याला दुकानावर बसवू नका. मुलीला विज्ञान कशाला, असे म्हणू नका. आय.टी.आय.ला जाणे म्हणजे शिक्षणात मागे पडणे, हाही समज सोडून द्या.

आणि विद्यार्थी मित्रहो, घरी गेल्यावर एक मोठी आणि एक लहान अशा सुया काढलेल्या दोन नव्या सिरिंज घ्या. दोन्ही पाण्याने भरून बारीक नळीने जोडा, आत हवा राहू देऊ नका. लहानीचा दट्ट्या दाबा आणि मोठीच्या दट्ट्यावर ठेवलेले पुस्तक उचलले जाते का ते पाहा. लहान दट्ट्या किती सरकला आणि मोठा किती, ते पट्टीने मोजा. जोर वाढला तेव्हा अंतर कमी झाले, हे तुमच्याच डोळ्यांना दिसेल. ती मापे वहीत लिहून सोमवारी वर्गात घेऊन या.