वासराचे पोट आणि ओव्याचा दाणा



चालकांनी आम्हांस नेमून दिलेल्या विषयाचे नाव मोठे भारदस्त आहे: ‘लहान जनावरांच्या आतड्यांच्या आरोग्यासाठी वनस्पतिजन्य खाद्यपूरके’. एवढे नाव ऐकून सभागृहाच्या मागच्या दारापाशी थोडी चुळबूळ झाली, ती आमच्या नजरेतून सुटली नाही. तेव्हा आम्ही विषय जरा लहान करून घेतो. गोठ्यातले पंधरा दिवसांचे वासरू, त्याला लागलेली हगवण, आणि घरच्या मसाल्याच्या डब्यातला ओवा, एवढ्यापुरते आज बोलू. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी गोठा नाही हे खरे. पण सकाळचा चहा आहे, आणि त्या चहातले दूध देणारी गाय कधीकाळी वासरूच होती.

प्रथम त्या वासराच्या पोटात डोकावू. गाय रवंथ करणारा प्राणी, तिच्या पोटाला चार कप्पे, हे आपण शाळेत शिकलो. परंतु नुकते जन्मलेले वासरू त्या अर्थाने गाय नव्हेच. त्याचा पहिला मोठा कप्पा, जेथे पुढे चारा आंबावयाचा असतो, तो तेव्हा रिकाम्या पिशवीसारखा निजलेला असतो आणि चौथा कप्पा एकटाच एकंदर पोटाच्या निम्म्याहून मोठा असतो. वासरू आचळाला लुचू लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी स्नायूंची एक पन्हळ मिटते आणि दूध पहिला कप्पा चुकवून थेट चौथ्यात उतरते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. मोठ्या गाईला घातलेली वनस्पती पहिल्या कप्प्यातल्या कोट्यवधी जंतूंच्या हाती सापडते, आणि ते तिला मोडून टाकतात किंवा काही दिवसांत तिला सरावतात. वासराला दुधातून दिलेले द्रव्य मात्र जवळजवळ जसेच्या तसे आतड्यापर्यंत पोचू शकते. म्हणूनच गाईवर केलेला प्रयोग वासराला लागू होत नाही, आणि वासरावरचा गाईला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भातच मिळतात. गाईच्या वारेतून ती वासरापर्यंत जातच नाहीत. वासरू जगात येते ते अगदी नि:शस्त्र. त्याची सगळी शस्त्रे पहिल्या चिकात भरलेली असतात, आणि ती आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट पहिल्या तासापासूनच अरुंद होऊ लागते. बारा तासांनी ती बरीचशी मिटते, चोवीस तासांनी बंद होते. पंचवीस किलोच्या वासराला एकूण अडीच लिटरच्या आसपास चीक मिळाला पाहिजे, आणि त्याची सुरुवात जन्मानंतर पहिल्या दोन-तीन तासांत झाली पाहिजे.

आता आमच्याकडची रीत पाहा. जार पडल्यावाचून वासराला चीक पाजू नये, पाजला तर जार अडकतो, असे आजही गावोगावी सांगतात. जार पडावयास कधी सहा तास लागतात, कधी दहा. तोवर वासरू बाजूला बांधलेले, आणि चिकाची वाट मिटत चाललेली. वास्तविक वासरू लुचले की गाईच्या शरीरात ज्या द्रव्याने पान्हा सुटतो त्याच द्रव्याने गर्भाशयही आकुंचन पावते. म्हणजे लुचण्याने जार पडण्यास मदतच व्हावी. आणि खरवसाचे काय? आम्ही खरवसाचे शत्रू नाही. जायफळ-वेलदोडा घातलेली वडी समोर आली तर नाही म्हणण्याइतके आम्ही विरक्तही नाही. पण पहिला चीक वासराचा. दुसऱ्या दिवसाच्या चिकाचा खरवस कोणीही खुशाल करावा. ज्या वासराच्या वाट्याचा चीक शेजारीपाजारी वाटला गेला, त्याला पुढे ओवा द्या की केशर द्या, फरक थोडाच पडणार.

असो. हे सांगितल्यावाचून वनस्पतींकडे वळणे आम्हांला अप्रामाणिकपणाचे वाटले. आता वळतो.

वनस्पतींची ही चर्चा आज जगभर एवढ्या जोरात का चालली आहे, याला एक इतिहास आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लेडरली कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे संशोधक कोंबडीच्या पिलांना निरनिराळी खाद्ये घालून पाहत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक तयार करताना उरणारा चोथा ज्या पिलांना मिळाला ती अधिक वाढली. चोथ्यातल्या बी-१२ जीवनसत्त्वाचा हा प्रभाव असावा असा प्रथम समज झाला. पण जीवनसत्त्वाने होईल त्याहून वाढ जास्त होती. ती प्रतिजैविकाची करामत होती. मग काय विचारता! कोंबड्या, डुकरे, वासरे, सर्वांच्या खाद्यात चिमूटभर प्रतिजैविक पडू लागले. रोग बरा करण्यास लागते त्याहून पुष्कळ कमी, पण रोजच्या रोज.

जंतूंना याहून चांगली शाळा कोणती मिळणार? थोडे थोडे विष रोज पचवीत ते निर्ढावले. १९६९ साली ब्रिटनमध्ये स्वान समितीने इशारा दिला. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके घालणे बंद केले, आणि १ जानेवारी २००६ पासून सर्व युरोपीय संघाने. आपल्याकडे २०१९ मध्ये कोलिस्टिन या औषधाचा जनावरांसाठी वापर बंद करण्यात आला. कारण इतर औषधे हरली की अत्यवस्थ रोग्याला ज्या थोड्या औषधांचा आधार उरतो त्यांपैकी ते एक. कोंबडीच्या खाद्यात पोत्याने पडणारे आणि इस्पितळात शेवटचा उपाय म्हणून राखलेले औषध एकच असावे, हा प्रकार काही वर्षे चालला होता.

प्रतिजैविक काढले की जागा रिकामी झाली. त्या जागेवर बसण्यासाठी वनस्पती पुढे आल्या, आणि त्यांत आपल्या ओळखीची मंडळी बरीच आहेत: दालचिनी, लवंग, लसूण, हळद, आणि ओवा. युरोपातले लोक ओरेगॅनो व थाइम या झुडपांचे तेल वापरतात. थाइममधले मुख्य द्रव्य थायमॉल. आणि तेच आपल्या ओव्यात आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातून ओव्याची पोती जर्मनीला जात, ती थायमॉल काढण्यासाठीच. पोटात दुखले की ओवा चावावयास सांगणारी आजी रसायनशास्त्र शिकलेली नव्हती. पण तिचा हात बरोबर डब्यावर पडत होता.

थायमॉल करते काय? ते पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. जंतूच्या पेशीभोवतीचे आवरण स्निग्ध असते; थायमॉल त्यात शिरून त्याला भोके पाडते, आतले क्षार बाहेर झिरपतात आणि जंतू निकामी होतो. काचेच्या नळीत हे सुरेख दिसते. अडचण नळीच्या बाहेर सुरू होते. नळीत जंतू मारण्यास जेवढे थायमॉल लागते, तेवढ्या तीव्रतेने ते आतड्यात टिकवावयाचे तर खाद्याला असा उग्र वास येईल की वासरू तोंड फिरवील. शिवाय ही तेले उडून जातात, आणि जी पोटात पोचतात त्यांतला मोठा भाग आतड्याच्या सुरुवातीलाच शोषला जातो. म्हणून त्यांवर चरबीचे बारीक कवच चढवून ती खालपर्यंत पोचविण्याची युक्ती निघाली आहे.

आणि ओवा म्हणजे तरी किती थायमॉल? दाण्यात तेल शेकडा दोन ते चार, तेलात थायमॉल शेकडा पस्तीस ते साठ. हिशेब केला तर दहा ग्रॅम ओव्यात सत्तर मिलिग्रॅम असेल किंवा दोनशे चाळीसही. एका दुकानातला ओवा दुसऱ्याच्या तिप्पट तेज निघू शकतो. बाजारात ‘हर्बल’ शिक्का मारून जी पुडकी व बाटल्या येतात, त्यांच्यावर बहुधा झाडांची लांबलचक नावे असतात. आत मुख्य द्रव्य किती, आणि ते किती दिवसांच्या वासराला देऊन पाहिले, हे मात्र क्वचितच छापलेले असते. शेतकऱ्याने दुकानदाराला हेच विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशात ठेवून घरी यावे.

याचा अर्थ हे सारे थोतांड आहे असा नव्हे. डाळिंबाची साल तोंडात धरली की जीभ आखडते. कारण तिच्यातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकते. तेच टॅनिन सुजलेल्या आतड्याच्या अस्तरावर काम करते आणि स्राव कमी होतो. चेस्टनट झाडाच्या टॅनिनाने वासरांची हगवण काहीशी लवकर आटोपते, असे इटलीत प्रयोगाने दिसले आहे. पण हेच टॅनिन जास्त झाले की खाद्यातली प्रथिनेही बांधते, आणि वाढ खुंटते. एकंदर प्रयोगांचा कल पाहिला तर निकाल एकसारखे नाहीत. कोठे वजन वाढले, कोठे काहीच घडले नाही. म्हणून आमचे मत असे की ही द्रव्ये खाद्याच्या सोबतीला ठेवावीत, त्यांना औषधाच्या गादीवर बसवू नये. रेडकांच्या जंतांचेच उदाहरण घ्या. म्हशीच्या दुधातूनच मोठ्या गोल कृमींची पिल्ले रेडकाच्या पोटात जातात. पळसपापडी यावर पिढ्यान्‌पिढ्या देत आले, आणि तिच्यात कृमिनाशक गुण आहे. पण मात्रेचा भरवसा नाही. दहा ते सोळा दिवसांच्या दरम्यान पशुवैद्याकडून पिपेराझिनची एक मात्रा द्यावी. ती स्वस्त आहे आणि मोजून देता येते. रेडकू नर असले की त्याचे दूधही तोडतात आणि औषधही टाळतात, हे आम्ही जाणतो. उपाशी रेडकाला पाचक चूर्ण चारणे म्हणजे रिकाम्या जात्यात तेल घालणे होय.

पहिला कप्पा जागा करावयाचा तर तेथेही वनस्पतीच लागते, पण ती साधी: भरडलेले धान्य. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा आणि शेजारी स्वच्छ पाणी ठेवावे. धान्य आंबून जे ब्युटिरिक आम्ल होते, त्याने कप्प्याच्या अस्तराला बोटांसारखे अंकुर फुटतात. नुसत्या वैरणीने पोट सुटते, अंकुर फारसे फुटत नाहीत. मेथी किंवा ओवा द्यावयाचा असेल तर या भरड्यात थोडा मिसळावा. बांबूच्या नळीने काढा ओतू नये. तो श्वासनलिकेत उतरला तर हगवण राहते बाजूला आणि फुप्फुसाचा दाह होऊन वासरू जाते.

आणि हगवण लागलीच तर? वासरू मरते ते बहुधा पाणी आणि क्षार गेल्याने. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ व सोडा यांचे पाणी पाजून असंख्य माणसे वाचविली. साखर आतड्यातून शिरताना मिठाला व पाण्याला बरोबर नेते, आणि वासराच्या आतड्यातही तोच दरवाजा आहे. वासरांसाठी वेगळ्या प्रमाणाच्या पुड्या मिळतात. त्या नसतील तर माणसांची पुडी वेळ निभावून नेते. दूध तोडू नये. दुधाच्या दोन वेळांच्या मध्ये हे पाणी कोमट करून पाजावे. ओव्याचे पाणी त्यानंतर. डोळे खोल गेले, तोंड व कान गार लागले, वासरू लुचेना आणि उठेना, तर मग ना ओवा ना पुडी. पशुवैद्याला बोलावून शिरेतून सलाईन द्यावे लागते, आणि ते संध्याकाळपर्यंत थांबत नाही.