भेंडोळ्याची कुळकथा

हस्तलिखिते जपणाऱ्या, त्यांच्या सूच्या करणाऱ्या आणि ती वाचणाऱ्या मित्रहो,

इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्याच्या ग्रंथालयात कागदाचे एक भेंडोळे आहे. उंची हातभरही नाही, जेमतेम ३३ सेंटिमीटर. पण उलगडत गेले तर लांबी भरते २९.५ मीटर. त्यावर ११४ आकृत्या आहेत. तारे, बहुकोन, विटांच्या रचना, चौकोनी कूफी लिपीत गुंफलेली पवित्र नावे आणि घुमटाखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या उतरत येणाऱ्या मुकर्नस छतांचे आराखडे.

आपल्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असते. लिहिणारा नाव सांगतो, तिथी सांगतो, कधी पाठीचे आणि मानेचे दुखणेही सांगतो. या भेंडोळ्यावर तसे काही नाही. नाव नाही, साल नाही, गाव नाही. जगभरच्या वास्तुकलेच्या अभ्यासकांनी डोक्यावर घेतलेली ही वस्तू कुणी केली, हे ती स्वतः सांगत नाही.

मग तिची कुळकथा लागली कशी? अभ्यासक गुलरू नेजिपोग्लू यांनी १९९५ मध्ये या भेंडोळ्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी पुरावा शोधला तो कागदावरच. मुकर्नसचे आराखडे कोणत्या पद्धतीचे, तारे कोणत्या इमारतींवरच्या ताऱ्यांशी जुळतात, विटांत अक्षरे बसवण्याची रीत कुठली, हे ताडून पाहत त्या पश्चिम किंवा मध्य इराणपर्यंत पोहोचल्या. काळ ठरला पंधराव्या शतकाचा शेवट किंवा सोळावे शतक. तब्रीझ शहराची शक्यता त्यांना सर्वांत अधिक वाटली.

या कागदावर शाईच्या रेषांखाली आणखी रेषा आहेत, बिनशाईच्या. टोकदार हत्याराने आधी ओरखडून काढलेल्या या रेषा साध्या छायाचित्रात उमटत नाहीत. त्या दिसायला तिरपा उजेड लागतो. वर्तुळ कुठे टेकले, कोन कसा विभागला, हे सारे तिथे आहे. गवंड्याला दाखवायची ती शाईची आकृती. ती आली कुठून, हे उस्तादाने ओरखड्यांत ठेवले. शिवाय बहुतेक ठिकाणी आकृतीचा एक भागच काढला आहे. तो उलटसुलट मांडत गेले की भिंत भरते. काही आकृत्यांत काळ्या नक्षीवर लाल रेषांनी वेगळेच बहुकोन आखलेले आहेत. पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये याच खुणा पुराव्याला घेऊन सांगितले की कारागीर ठरावीक पाच आकारांच्या फरश्या जोडून नक्षी रचत असावेत. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी गणिती सहमत नाहीत. पण वाद घालायला लाल रेषा जाग्यावर आहेत, कारण कुणी हे भेंडोळे कापून पानापानाने विकले नाही.

आता दुसरा प्रश्न. कागद तब्रीझचा असेल तर इस्तंबूलला आला कसा? १५१४ मध्ये चाल्दिरानच्या लढाईत ऑटोमन सुलतान सलीमने इराणच्या शहा इस्माइलचा पराभव केला, तब्रीझमध्ये शिरून खजिना उचलला आणि कारागीरही सोबत नेले. भेंडोळे त्या लुटीतले असू शकते. एखाद्या उस्तादाच्या सामानातूनही ते आले असेल. तुर्कस्तानातल्या बुर्साच्या हिरव्या मशिदीच्या फरश्यांवर तब्रीझच्या उस्तादांनी सही केली ती चाल्दिरानच्या सुमारे नव्वद वर्षे आधी. म्हणजे ही वाट जुनीच होती. तोपकापीच्या ग्रंथालयाच्या सूचीत भेंडोळ्याचा क्रमांक ‘ह. १९५६’ असा आहे. हा ‘ह’ हझिनेचा, म्हणजे राजवाड्याच्या खजिन्याचा. एका अक्षराने कळते की वस्तू सुलतानाच्या खजिन्याच्या संग्रहात होती. तिची अवस्थाही चांगली आहे. चुन्यामातीच्या कामावर रोज उलगडली गेली असती तर ती अशी राहिली नसती.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या इराणी भेंडोळ्यांशी ताडून पाहावे. ती मिर्झा अकबर या वास्तुकाराची, एकोणिसाव्या शतकातली. संग्रहालयाने ती १८७६ मध्ये तेहरानमध्ये विकत घेतली. कलेच्या दृष्टीने ती तोपकापीच्या पासंगालाही पुरणार नाहीत. तरी कुणाची, कुठून, केव्हा, हे माहीत असल्यामुळे जुन्या भेंडोळ्याचा वापर समजून घ्यायला तीच आधाराला येतात.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. १६८६ मध्ये विजापूर औरंगजेबाच्या हाती गेले. आदिलशाही ग्रंथसंग्रहाचे जे उरले ते तिथल्याच आसार महालात राहिले आणि १८५३ मध्ये लंडनला गेले. त्या ग्रंथांवर शाही ग्रंथालयाच्या नोंदी आणि शिक्के आहेत, म्हणूनच आज ब्रिटिश लायब्ररीत बसून विजापूरचा संग्रह पुन्हा ओळखता येतो. दख्खनच्या सुलतानांची फर्माने मराठी वतनदारांच्या घरांतही पिढ्यान्पिढ्या राहिली. लांब कागदांची ती भेंडोळीच. त्यांचा मजकूर आपण वाचला, छापला, त्यावर वाद घातले. पाठीमागची बाजू मात्र बरेचदा कोरी समजून सोडून दिली. कारभाऱ्यांचे शेरे आणि दफ्तरात दाखल झाल्याच्या खुणा तिथेच असतात.

म्हणून या परिषदेकडे एकच आग्रहाचे मागणे आहे. सूचीच्या नमुन्यात विषय, लिपी, पानांची संख्या यांच्याबरोबर तीन रकाने वाढवावेत. पाठीवरचे लेख आणि शिक्के. कागदाचे सांधे आणि दुरुस्त्या. आणि वस्तू कुणाकडून, कोणत्या साली, देणगी म्हणून की विकत आली. जीर्णोद्धार करताना मागे नवा कागद चिकटवण्याआधी पाठीचे छायाचित्र घेतलेच पाहिजे. आणि तिसरा रकाना वस्तू दाखल होईल त्याच दिवशी भरावा. भेंडोळे माळ्यावरच्या कोणत्या पेटीत होते, त्याच्या शेजारी आणखी कोणते कागद होते आणि ते कागद कुठे गेले, हे सांगणारे माणूस तेव्हा देणगीदाराच्या घरात बहुधा असते.