फिरता वाद्यवृंद : मालक कोण ?



मागल्या महिन्यांत एका रविवारीं सकाळीं माझा भाचा आपल्या दोन मित्रांना घेऊन माझ्याकडे आला. तिघेही पंचविशीच्या आंतबाहेरचे. भाचा स्वतः गातो व कीबोर्ड वाजवितो. दुसऱ्यानें नोकरींतून शिल्लक टाकलेल्या पैशांतून ध्वनिक्षेपक, कर्णे आणि रंगीत दिवे घेतले आहेत. तिसऱ्याच्या वडिलांचा टेम्पो आहे. गेलीं दोन वर्षें हे तिघे लग्नांत, मुंजींत, गणेशोत्सवांत वाद्यवृंदाचे कार्यक्रम करीत गांवोगांव हिंडत आहेत. आतां कर्ज काढून मोठा संच व विजेचें जनित्र घ्यावयाचें, असा त्यांचा बेत आहे.

भाचा म्हणाला, "मामा, आम्हांला कंपनी काढावयाची आहे. कागद तेवढे तुम्ही करून द्या."

मीं विचारलें, "कंपनी काढावयाची म्हणजे काय करावयाचें ?" तिघांनींही एकमेकांकडे पाहिलें.

या शब्दाचा असा घोटाळा होण्यांत त्या मुलांचा दोष नाहीं. आपल्याकडे ‘कंपनी’ हा शब्द नाटकवाल्यांमुळें घरोघर पोंचला. गांवांत नाटक कंपनी आली म्हणजे ट्रंका आल्या, पडदे आले, आचारी आले आणि उधारीही आली. परंतु लोकांच्या तोंडची ही कंपनी निराळी आणि कायद्यांतील कंपनी निराळी. कायद्यांतील कंपनी ही स्वतंत्र व्यक्ति असते. तिची मालमत्ता तिची, तिचें कर्ज तिचें. भागधारक आपल्या भागाच्या रकमेपुरताच बुडतो. नाटकवाल्यांच्या जगांत मात्र मालकाचें नांव आणि मालकाचें कर्ज हीं दोन्हीं एकाच माणसाच्या अंगाला चिकटलेलीं असत.

1913 सालीं किर्लोस्कर नाटक मंडळींतून बाहेर पडून बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. आरंभीं मालक तिघे होते. पुढें टेंबे गेले, बोडसही गेले आणि मालकी एकट्या बालगंधर्वांकडे राहिली. तिच्याबरोबर कर्जाचें ओझेंही राहिलें. त्या मंडळीचे भरजरी शालू आणि अत्तरें यांच्या गोष्टी आपण कौतुकानें सांगतों. परंतु त्यांची बिलें कोणाच्या नांवावर पडत होतीं हें कोणी विचारीत नाहीं. मला तर गाण्याइतकाच हा हिशेबाचा भागही विचार करण्यासारखा वाटतो.

मीं त्या मुलांना सांगितलें, "तुम्ही काढा किंवा न काढा, तुमची भागीदारी आजच अस्तित्वांत आहे." हें ऐकून ते दचकले. पण कायदा तसाच आहे. 1932 सालच्या भागीदारीच्या कायद्याप्रमाणें, दोन किंवा अधिक माणसांनीं मिळून धंदा करावयाचा आणि त्याचा नफा वांटून घ्यावयाचा असें ठरलें, कीं ती भागीदारी झाली. त्याला लेखी कागद लागत नाहीं. चहाच्या दुकानांत ठरलें तरी ठरलेंच. आणि कागद नसल्यामुळें जे जे प्रश्न तुम्हीं सोडविले नाहींत, ते कायदा आपल्या पद्धतीनें सोडवितो. कोणाचा वांटा किती हें ठरलें नसेल तर नफा समसमान, तोटाही समसमान. मग एकानें पांच लाखांचा संच आणला असो, कीं दुसऱ्यानें नुसता गळा आणला असो.

याहून अवघड गोष्ट पुढेंच आहे. धंद्याच्या रोजच्या व्यवहारांत प्रत्येक भागीदार हा साऱ्या पेढीचा मुखत्यार असतो. समजा, एकाच मुहूर्तावर एकानें साताऱ्याची सुपारी घेतली आणि त्याच रात्रीं दुसऱ्यानें नगरची. दोघांनींही विसार घेतला. आतां दोन्ही करार पेढीवर बंधनकारक आहेत. "मला विचारलें नव्हतें" हें उत्तर यजमानाला चालत नाहीं. जी नुकसानभरपाई द्यावी लागेल ती पेढीच्या पैशांतून पुरी झाली नाहीं, तर भागीदारांच्या घरच्या मालमत्तेंतून. तीही प्रत्येकानें आपापला तिसरा हिस्सा देऊन सुटावें अशी नव्हे. सावकाराला वाटेल त्या एकाकडून सगळी रक्कम वसूल करतां येते. मग त्या एकानें उरलेल्या दोघांच्या मागें लागावें. व्यवहारांत असा ‘एक’ तोच ठरतो, ज्याच्या नांवावर कांहीं तरी आहे.

हें ऐकल्यावर टेम्पोवाल्या मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "काका, टेम्पो वडिलांच्या नांवावर आहे. तो तर सुरक्षित ना ?" मीं म्हटलें, पेढीच्या कर्जापुरता बहुधा सुरक्षित, कारण वडील भागीदार नाहींत आणि टेम्पो पेढीची मालमत्ता म्हणून आणलेला नाहीं. परंतु अपघात झाला तर गाडीचे मालक म्हणून प्रथम वडिलांनाच गांठतील. 1988 सालच्या मोटार-वाहन कायद्यानें तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे खरा. पण परवाना एका कामाचा, विमा दुसऱ्या कामाचा आणि गाडींत मात्र बारा वादक व जनित्र, अशी स्थिति असली म्हणजे विमेवाल्यांना वाद घालावयास जागा सांपडते. हा प्रश्न कोणत्याही प्रकारची संस्था काढून सुटत नाहीं. तो विम्याच्या कचेरींत जाऊन, गाडीचा खरा उपयोग सांगून, जादा हप्ता भरूनच सुटतो.

भागीदारीची नोंदणी करणें कायद्यानें सक्तीचें नाहीं. म्हणून पुष्कळजण ती करीत नाहींत आणि पुढें पस्तावतात. नोंदणी नसलेल्या पेढीला, अगदीं किरकोळ रकमेचा अपवाद सोडला, तर आपल्या करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावतां येत नाहीं. आमच्या या मंडळींचा अनुभवच पाहा. गेल्या वैशाखांत एका यजमानांनीं कार्यक्रम संपल्यावर "आवाज बरोबर नव्हता" म्हणून बिदागीची अर्धी रक्कम दाबून ठेवली, ती अजून दिली नाहीं. मुलें मजकडे आलीं त्याचें खरें कारण हेंच असावें, असा मला संशय आहे. परंतु यजमान मात्र त्यांच्यावर खुशाल दावा लावूं शकतो ! आणि दावा लावल्यानंतर धांवत जाऊन नोंदणी केली तरी तो दावा तरत नाहीं. भागीदारांत आपसांत बिनसलें तरीही, पेढी मोडून हिशेब मागण्यापलीकडे नोंदणीविना फारसें कांहीं करतां येत नाहीं.

मग पर्याय कोणते ? पहिला सर्वांत सोपा : एकानें मालक व्हावें, बाकीच्यांनीं ठरीव बिदागीवर काम करावें. आपल्या तमाशाच्या फडांत बहुधा हीच रीत आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगांवीं जत्रांच्या सुपाऱ्यांसाठीं राहुट्या लागतात, तेथें गांवकरी फडाच्या नांवाकडे पाहून बोलणें करतात. त्या नांवामागें घेतलेली उचल आणि काढलेलें कर्ज हीं मालकाच्या अंगावर. यांत कागदपत्र थोडें, प्राप्तीवरील कर व्यक्तीच्या दरानें, निर्णय एकाचा. दोष इतकाच, कीं धंदा आणि घर यांच्यामध्यें भिंत नाहीं. मालक वारला तर वारसांवर वारशानें आलेल्या मालमत्तेपुरतेंच कर्ज येतें, हा त्यांतल्या त्यांत दिलासा. पण धंदा त्याच्याबरोबरच संपतो.

मीं विचारलें, "तुमच्यांत मालक कोण होणार ?" खोलींत इतकी शांतता पसरली, कीं स्वयंपाकघरांतील कुकरची शिटी सर्वांनाच ऐकूं आली. माझा भाचा म्हणाला, "लोक माझें गाणें ऐकावयाला येतात." संचवाला म्हणाला, "आवाज माझ्या कर्ण्यांतून येतो." तिसरा कांहीं बोलला नाहीं. दोन वर्षें एका ताटांत जेवणाऱ्या या मित्रांनीं हा प्रश्न पूर्वीं एकदांही काढला नव्हता. मला वाईट वाटलें. पण कर्ज काढण्याच्या आधीं तो निघाला हें बरेंच झालें.

दुसरा पर्याय, लेखी व नोंदलेली भागीदारी. तिच्यामुळें दाव्याचा हक्क मिळतो, आपसांतील गोष्टी स्पष्ट होतात. घरादारावरची जोखीम मात्र तशीच राहते.

तिसरा पर्याय 2008 सालच्या कायद्यानें आला. त्याला मर्यादित दायित्व भागीदारी म्हणतात. व्यवहारांतलें नांव एलएलपी. आंतून भागीदारी, बाहेरून कंपनी, असें हें प्रकरण आहे. संस्था स्वतः मालमत्ता धारण करते, स्वतः दावा लावते आणि तिच्या कर्जासाठीं भागीदाराच्या घराला हात लागत नाहीं. निदान दोन भागीदार लागतात. एक गेला आणि उरलेल्या एकट्यानें जाणूनबुजून सहा महिन्यांपलीकडे धंदा चालविला, तर त्या काळांतील कर्जाला तो स्वतः जबाबदार होतो. दरसाल दोन पत्रकें सरकारांत भरावीं लागतात, एक वार्षिक विवरण आणि दुसरें हिशेबाचें. कार्यक्रम झाले नाहींत, दौरा बंद होता, ही सबब चालत नाहीं. उशीर झाला कीं दंड वाढत जातो. उलाढाल 40 लाख रुपयांच्या आंत व भागीदारांचें भांडवल 25 लाखांच्या आंत असेल, तर हिशेबतपासनिसाची सक्ति नाहीं, ही लहान धंद्याला मोठीच सवलत आहे.

खरी खासगी कंपनी काढली तर उलाढाल कितीही लहान असो, तपासनीस नेमावाच लागतो. सभा, ठराव, नोंदवह्या हें सारें निराळेंच. 2013 च्या कायद्यानें एकट्या माणसालाही कंपनी काढतां येते. तेथें आपल्यामागें सभासद कोण होणार, त्याची लेखी संमति आधींच द्यावी लागते. पण तीन पोरांनीं टेम्पोंत बसून सभेचे वृत्तान्त लिहावे, हें चित्र माझ्या डोळ्यांपुढें येईना. तो विषय मीं तेथेंच सोडला. कराच्या दृष्टीनें भागीदारी व एलएलपी यांत दराचा फरक नाहीं; दोहोंच्या नफ्यावर मूळ दर 30 टक्के, आणि तो कर भरल्यावर भागीदाराच्या हातांतील नफ्यावर पुन्हां कर नाहीं. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली, कीं वस्तु व सेवा कराची नोंदणी सर्वांनाच.

मीं एलएलपीची शिफारस केली. संचवाला खुलला व म्हणाला, "म्हणजे आतां कांहींही झालें तरी घर सुरक्षित !" तसें नव्हे, हें मला त्याला जरा कठोरपणेंच सांगावें लागलें. कर्ण्यांचा मनोरा त्यानें स्वतः निष्काळजीपणें उभा केला आणि तो मांडवांतील पाहुण्यांवर कोसळला, तर स्वतःच्या चुकीसाठीं तो जातीनें जबाबदारच राहील. तो कायदाच तसें म्हणतो. आणि नव्या संचासाठीं बँक कर्ज देईल, ती तिघांच्याही सह्यांचा वैयक्तिक जामीन घेतल्यावांचून क्वचितच देईल. ती सही झाली कीं कायद्यानें बांधलेल्या भिंतीला आपणच दार पाडलें. शिवाय जुन्या भागीदारीचें रूपांतर एलएलपींत केलें, तरी रूपांतरापूर्वींच्या देण्यांतून सुटका नाहीं. मग भिंतीचा उपयोग काय ? उपयोग आहे. एका भागीदारानें दिलेला शब्द, त्याचा हलगर्जीपणा, उसन्या घेतलेल्या सामानाचें भाडें, रद्द झालेल्या कार्यक्रमाची भरपाई, हें दुसऱ्याच्या घरापर्यंत पोंचत नाहीं. फिरत्या धंद्यांत असली देणींच अधिक असतात.

त्यानंतर आम्ही करारनाम्याला बसलों, आणि वेळ खरा तेथेंच गेला. संच संस्थेला विकत द्यावयाचा, कीं भाड्यानें ? टेम्पोचें भाडें वडिलांना फेरीमागें, कीं महिन्यामागें ? लग्नसराईच्या मध्येंच एकजण निघून गेला, तर घेतलेले विसार कोण निभावणार ? दोन हजारांवरचा विसार दोघांच्या संमतीवांचून घ्यावयाचा नाहीं, हें कलम टेम्पोवाल्यानेंच सुचविलें आणि तें मला फार आवडलें. मात्र बाहेरच्या यजमानाला तें ठाऊक नसेल, तर त्याच्याविरुद्ध तें सांगतां येणार नाहीं, हेंही मीं त्याला बजावलें.

मृत्यूचें कलम काढतांच माझी बहीण आंतून म्हणाली, "दादा, सकाळच्या वेळीं असलें काय बोलतोस !" परंतु 1921 सालीं केशवराव भोसले ऐन उमेदींत वारले, तेव्हां त्यांची ‘ललितकलादर्श’ बंद पडली नाहीं, बापूराव पेंढारकर पुढें झाले आणि त्यांनीं ती चालविली. प्रत्येक मंडळीला बापूराव लाभतात असें नाहीं. म्हणून गेलेल्याचा वांटा कोणत्या तारखेच्या हिशेबानें, किती हप्त्यांत, कोणाला द्यावयाचा, हें आम्हीं लिहून टाकलें.

सरतेशेवटीं राहिलें तें नांवाचें कलम. वाद्यवृंदाला सध्यां माझ्या भाच्याचें नांव आहे. तो बाहेर पडला तर नांव कोणाबरोबर जाणार ? फलकावर, पत्रिकेवर, लोकांच्या तोंडीं तेंच आहे. सुपाऱ्या त्यावरच येतात. भाचा म्हणतो, नांव माझ्या आईबापांनीं ठेवलेलें आहे. उरलेले दोघे म्हणतात, तें मोठें आम्हीं मिळून केलें. माझ्या मतें दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच नवें, कोणाचेंही नसलेलें नांव घेऊन तें संस्थेच्या नांवें व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावें, असें मीं सुचविलें आहे. तिघे मसुदा घेऊन गेले. काल भाच्याचा निरोप आला : बाकी सर्व कलमें तिघांना मान्य आहेत, नांवाची जागा अजून कोरी ठेवली आहे, आणि ती भरेपर्यंत कर्जाचा अर्ज बँकेंत नेलेला नाहीं.