गोव्याचा गेंडा आणि ड्यूररचे चित्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



आपल्या लखनौतील ला मार्टिनियरच्या माथ्यावर ग्रीक-रोमन धाटणीच्या मूर्ती आहेत. युरोपात ती प्राचीन विद्या पंधराव्या-सोळाव्या शतकांत पुन्हा जागी झाली आणि कोरीव ठशांवरून छापलेल्या चित्रांनी ती घरोघर नेली. अशाच एका चित्राचा धागा आपल्या गोव्यापर्यंत पोहोचतो.

गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क यास एक गेंडा नजर केला. गोव्याहून जहाजाने तो १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोहोचला. गेंडा हा हत्तीचा जन्मवैरी, असे रोमन पंडित प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले होते. ते पारखण्यासाठी पोर्तुगालच्या राजाने दोघांना समोरासमोर आणले. हत्ती पळाला आणि ग्रंथवचन खरे ठरल्यासारखे झाले!

न्यूरेंबर्गचा थोर चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूरर याने हा प्राणी कधीच पाहिला नाही. हाती आलेले वर्णन व एक रेखाटन यांवरून त्याने त्याच वर्षी चित्र काढले. ते लाकडी ठशावरून छापले गेले. त्यात कातडीच्या घड्यांचे चिलखत झाले, पायांवर खवले आले, मानेमागे एक जास्तीचे शिंग उगवले. वर प्लिनीची कथा छापली. आगमनाचे साल मात्र १५१३ असे चुकले. तरीही पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोपात पुष्कळांनी हाच गेंडा खरा मानला. खरा गेंडा १५१६ च्या आरंभी, पोपकडे नजराणा म्हणून जात असता, इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाजासह बुडाला.

मित्रहो, आपणही मुलांना महाराष्ट्र असाच सांगतो: थोडा आठवणीतला, थोडा ऐकीव. त्या चित्रालाही एखादे जास्तीचे शिंग फुटतेच. म्हणून सांगणे थांबवू नये. ड्यूररने चित्र काढले नसते, तर त्या बिचाऱ्या गेंड्याची आठवण आज कितीजणांना असती? परंतु केवळ चित्रावर संतुष्टही राहू नये.

दुधवाच्या जंगलात १९८४ मध्ये आसामातून गेंडे आणून वसविले गेले. मुलांना तेथे न्या. ते मानेमागचे शिंग शोधू द्या. आणि सुट्टीत त्यांना आपल्या गावीही न्या. आजोळचे अंगण आपण सांगितल्याहून लहान निघाले तरी चिंता नाही. ते त्यांनी स्वतः पाहिलेले असेल.